लिस्बन, चढ आणि छोटी गाडी

लिस्बन पाहायला विजेवरची छोटी गाडी उत्तम, पण ती कुठे सोडायची हेही कळायला हवं. शहर टेकड्यांवर पसरलेलं. मध्यवर्ती बायशा भागापासून बेलें भागातला जेरोनिमुस मठ सहा-सात किलोमीटरवर. सिट्रोएन आमी ही अशीच एक गाडी, जेमतेम 2.41 मीटर लांब, वेग ताशी 45 किलोमीटर. एवढ्या अंतराला ती पुरेशी आहे. 1755च्या भूकंपानंतर बायशा सरळ रस्त्यांनी नव्याने आखली गेली. अल्फामा ही जुनी वस्ती मात्र बरीचशी वाचली, म्हणून तिथे आजही अरुंद गल्ल्या नि पायऱ्या आहेत. धूर नाही, मग गाडी तिथे न्यायला हरकत काय, असं कुणी विचारेल. हरकत जागेची आहे, लहान असली तरी गाडी गल्ली अडवतेच (आणि चालवणाऱ्याची नजर भिंतींवरच्या निळ्या फरश्यांवर ठरणार कशी?). गुडघे दुखत असतील तर 28 क्रमांकाची ट्राम आहे. गर्दी तेवढी सोसावी लागते. बेलेंला गाडीने जा, अल्फामात पायी फिरा.