सांताक्रूझचा पूल आणि वहिनींची फाईल

सांताक्रूझ हे नाव महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचले ते पावसामुळे. 'कुलाबा इतके, सांताक्रूझ इतके' असे आकडे आपण वर्षानुवर्षे बातम्यांत ऐकत आलो आहोत. २६ जुलै २००५ रोजी तर इथल्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. आम्ही वाकोल्याचे. त्या दिवशी पाणी छातीपर्यंत घरात शिरले. भांडीकुंडी दुसऱ्या दिवशी धुऊन घेता आली, पण कागद गेले. शाळेचे दाखले, जातीचा दाखला, आईचे दवाखान्याचे कागद, सगळ्याचा लगदा झाला. तेव्हापासून आमच्या घरात एक नेम आहे. कागद कसलाही असो, टाकायचा नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवायचा. वाचकांना आज जी हकिगत सांगायची आहे, ती त्या माळ्यावरच्या पिशवीची आहे.

सांताक्रूझचे रेल्वेने दोन भाग केले आहेत. पूर्वेला वाकोला, गोळीबार, कलिना. डोक्यावरून विमाने जातात, पलीकडे विद्यापीठाचे आवार, मधून हायवे. आता जमिनीखालून मेट्रोही धावते. पश्चिमेला बाजार आणि एस. व्ही. रोड, म्हणजे जुना घोडबंदर रोड. आणखी पुढे गेले की जुहू. आमच्या माणसांनी स्टेशनचा पूल ओलांडला तो बहुतेक कामासाठीच. कुणी रंगकामाला गेले, कुणी धुण्याभांड्याला. आमच्या थोरल्या वहिनी वीस वर्षे पश्चिमेच्या तीन घरांत पोळीभाजी करीत आल्या. सकाळी साडेसहाला पूल चढायचा, दुपारी तीनला उतरायचा. दुसऱ्याच्या घरी चाळीस पोळ्या लाटायच्या आणि आपण चारला घरी येऊन चहा, पाव आणि उरलेला भात खायचा. रात्रीचे जेवण दहाच्या पुढे. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन वाढू लागले, मग साखर लागली. नातेवाईक म्हणत, 'खात्यापित्या घरची दिसते!' ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी उपास काढले, त्यांना अंगावरचे मांस म्हणजे बरकत वाटते. त्यांना दोष तरी कसा द्यावा?

पण पुलाने खरे काय ते सांगितले. आधी वहिनी पूल एका दमात चढत. मग एकदा थांबू लागल्या, मग तीनदा. रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा आणि त्या दचकून उठून बसायच्या. दादा म्हणाला, "रात्रभर मी हिचा श्वास मोजत पडतो." उंची १५२ सेंटिमीटर, वजन ८८ किलो. गोळ्या वाढल्या, शेवटी इन्सुलिन सुरू झाले, तरी साखर उतरेना.

डॉक्टरांनी वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचे नाव काढले तेव्हा आम्ही सर्वच हबकलो. हे ऑपरेशन मोठ्यांचे, अशी आमची समजूत. नितीन गडकरींनी २०११ साली केले होते, ते पेपरात आले होते. आणि २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद विमानाने मुंबईत आली, चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, हे सर्वांनी टी.व्ही.वर पाहिलेले. ती पुढे अबुधाबीला गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारली. आईने तेवढेच लक्षात ठेवले होते. डॉक्टरांनी तिला बसवून समजावले. इमानचे दुखणे वेगळे, ती वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली होती. वहिनींचे जठर दुर्बिणीतून कापून केळ्याएवढी निमुळती नळी ठेवायची, सुमारे तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकायचा. भूक लावणारे एक संप्रेरक त्या काढलेल्या भागात जास्त तयार होते, म्हणून भूकही उतरते. धोका आहेच, पोट उघडायचे म्हटल्यावर तो असतोच. पण अशी साखर आणि असा श्वास घेऊन दहा वर्षे काढणे हाही धोकाच आहे.

खर्च साडेतीन लाख. दादाने चार वर्षांपूर्वी बँकेतून घरातल्या सर्वांची पाच लाखांची आरोग्य विमा पॉलिसी काढली होती, हप्ता कधी चुकवला नव्हता. रुग्णालयाने कॅशलेस मंजुरीसाठी कागद पाठवले. मे २०२४ च्या नियमाप्रमाणे कंपनीने अशा अर्जाचा निर्णय एका तासात द्यायचा असतो. निर्णय खरोखरच लगेच आला. नामंजूर. कारण एका ओळीत, 'लठ्ठपणावरील उपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत.'

इथे बरेच जण गप्प बसतात. आम्हीही बसलो असतो. पण पुतणी बी.कॉम.ला आहे, तिने पॉलिसीचे बारीक अक्षरांतले पुस्तक रात्री बसून वाचले. विमा नियामकाने २०१९ साली सर्व कंपन्यांसाठी वगळण्याच्या अटी एकसारख्या केल्या. त्यात लठ्ठपणाची अट आहे, पण अटीच्या पोटातच वाट ठेवली आहे. रुग्ण अठरा वर्षांवरील असावा, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय पद्धतीला धरून असावी. आणि बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४० किंवा त्याहून अधिक असावा. तो ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर सोबत चारपैकी एखादा आजार हवा. लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार, किंवा औषधांनीही आटोक्यात न येणारा मधुमेह. शिवाय त्याआधीचे साधे उपाय करून थकलेले असले पाहिजे. वहिनींचा आकडा ३८.

इथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण ती आम्हाला फार उशिरा कळली. आपल्याकडचे शल्यचिकित्सक आशियाई माणसांसाठी खालची रेषा धरत आले आहेत, आजार नसल्यास ३७.५ आणि आजार असल्यास ३२.५, कारण आपल्या लोकांची चरबी पोटावर साठते आणि कमी वजनातही साखर लागते. विमा मात्र ४० आणि ३५ धरतो. म्हणजे डॉक्टर 'करा' म्हणतात ते खरे आणि कंपनी 'बसत नाही' म्हणते तेही तिच्या कागदाप्रमाणे खरे, असे होऊ शकते. मधल्या माणसाने आधी आपला आकडा काढून पाहावा.

वहिनी बसत होत्या, पण सिद्ध कसे करायचे? मधुमेह आटोक्यात नाही आणि साधे उपाय फसले, हे तोंडी सांगून चालत नाही. तेव्हा माळ्यावरची पिशवी खाली आली. पूर्वेच्या महापालिका रुग्णालयातले सहा वर्षांचे केसपेपर त्यात होते, दहा रुपयांच्या चिठ्ठ्यांसकट. दर तीन महिन्यांची साखर, वाढत गेलेल्या गोळ्या, आणि एका कागदावर घाईच्या अक्षरात 'वजन कमी करणे, आहार समजावला, चालणे'. त्याच्या पुढच्या कागदांवर वजनाचे आकडे होते, ते उतरले नव्हते. तो समजावलेला आहार वहिनींनी किती पाळला, यावर घरात वाद होऊ शकतो, पण नोंद होती. त्याखेरीज एका रात्रीची झोपेची तपासणी करून घेतली. श्वास अडकण्याचा विकार गंभीर असल्याचा अहवाल आला.

हे सर्व जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज दिला, पोच घेतली. महिन्याने उत्तर आले, निर्णय कायम. आता पुढे काय, हे विचारत फिरलो तेव्हा कळले की विमा लोकपालाचे कार्यालय असते. कुठे? सांताक्रूझ पश्चिम, एस. व्ही. रोड, जीवन सेवा अ‍ॅनेक्स, तिसरा मजला. म्हणजे वहिनी वीस वर्षे ज्या रस्त्याने पोळ्या लाटायला जात होत्या, त्याच रस्त्यावर! गोव्याच्या माणसाची तक्रारही पूर्वी या कार्यालयात येत असे, आणि आम्हाला पूल ओलांडून जायचे माहीत नव्हते. (घाटकोपर, मुलुंड, चेंबूरकडच्या वॉर्डांसाठी आता ठाण्याचे कार्यालय आहे, तिकडच्या वाचकांनी आधी चौकशी करावी.)

एका मंगळवारी आम्ही गेलो. दादा, वहिनी, पुतणी आणि फाईल. वहिनी येऊ नयेत असे आमचे मत होते, पण त्या म्हणाल्या, "भाऊजी, वजन माझं आहे, मी येणार." पुलावर तीनदा थांबलो. बाजारात कांदे-बटाट्याच्या गाड्यांमधून वाट काढत एस. व्ही. रोडला लागलो. आम्हाला वाटले होते की वकील लागेल, पैसे लागतील. दोन्ही नाही. तक्रारीला फी नाही, आणि वकील किंवा एजंट तिथे चालतच नाही. ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याने स्वतः अर्ज करायचा, म्हणून दादाची सही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी, तिचे उत्तर समाधानकारक नसावे किंवा महिनाभर उत्तरच आलेले नसावे, आणि त्यानंतर वर्षाच्या आत इथे यावे. पन्नास लाखांपर्यंतचे दावे हे कार्यालय ऐकते. लोकपालाने निवाडा दिला तर तो कंपनीवर बंधनकारक असतो, तीस दिवसांत पाळावा लागतो. मराठीत बोलता येईल का, ही दादाची मोठी काळजी होती. तीही मिटली.

निवाड्यापर्यंत जावे लागले नाही. लोकपालाची नोटीस गेल्यावर कंपनीने कागद नव्याने मागवले आणि दोन लाख साठ हजार मंजूर केले. उरलेले नव्वद हजार पतपेढीतून घेतले. हातमोजे, डायपर असल्या वस्तू आणि नंतरची प्रोटीन पावडर विम्यात बसत नाही, हे बिल हातात आल्यावर कळले.

शस्त्रक्रिया नीट झाली. खरी परीक्षा घरी आल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे स्वयंपाक आणि आजारी माणूस यांच्यात चार पावलांचे अंतर. पहिले दोन आठवडे फक्त पातळ. एका वेळी साधारण तीस मिली, ते दर पंधरा मिनिटांनी घोटघोट प्यायचे. गाळलेले मुगाचे पाणी, पातळ ताक, नारळपाणी, कोंबडीचे गाळलेले पाणी. मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले. मग मऊ. डॉक्टरांनी दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिने सांगितली. अंड्यात सहा ग्रॅम, हिशेब करून पाहा! पावडरचा डबा हजारांत, म्हणून आहारतज्ज्ञ बाईंना स्पष्टच सांगितले, बाई, महिन्याला एकच डबा जमेल. त्यांनी आमच्याच चुलीवरचे शोधून दिले. अंड्याचे पांढरे, घट्ट दही, मुगाचे वरण, सोयाबीन घालून दळून आणलेले पीठ. महिन्यानंतर ओला बोंबील, बिनतिखटाचा, काटा काढून. बोंबील जिभेवरच विरघळतो. वहिनींचे डोळे भरून आले, त्या म्हणाल्या, "हा मला पोटभर वाटला." तीन चमचे होता.

नियम बरेच. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास नाही. घास पंचवीस-तीस वेळा चावायचा. सोडा, थम्सअप बंद. मिश्री बंद, हे सर्वांत जड गेले. बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. तिसऱ्या महिन्यात केस गळू लागले, डॉक्टर म्हणाले परत येतील. एकदा पाहुण्यांनी आग्रह केला आणि वहिनींनी अर्धी पुरी जास्त खाल्ली. तासभर उलट्या झाल्या. तेव्हापासून घरात आग्रहाला बंदी आहे.

विहारात पौर्णिमेला एका भन्तेंनी कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट सांगितली, ती वहिनी आता सर्वांना ऐकवतात. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला अन्नाची मात्रा जाणून खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावून, रोज जेवताना म्हणण्यासाठी शंभर कहापण देऊ केले, आणि हळूहळू एक नाळीभर भातावर आला. वहिनी म्हणतात, "राजाला म्हणायला माणूस ठेवावा लागला, माझ्याकडे आत्या आहेतच." आई दर जेवणाला समोर बसून घास मोजते.

सहा महिन्यांत वजन ६९ वर आले. इन्सुलिन बंद झाले, एक गोळी उरली. रात्री दादा झोपतो. वहिनींनी तीनपैकी दोन घरांची कामे पुन्हा धरली आहेत, आणि पुलावर त्या एकदाच थांबतात, तेही कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी बोलायला, असे त्यांचे म्हणणे आहे. पतपेढीचे हप्ते दिवाळीपर्यंत आहेत. फाईल पुन्हा पिशवीत बांधून माळ्यावर ठेवली आहे, पाऊस तोंडावर आला आहे.