सहा मात्रांची ढोलकी

आमचा धंदा साऊंडचा. बोईसरला एक गाळा आहे. त्यात चार बेस, चार टॉप, दोन मिक्सर, एक लॅपटॉप आणि एक जनरेटर, एवढी आमची इस्टेट. भागीदार दांडीचा, मांगेला समाजातला. आम्ही चिंचणीचे कोकणी मुसलमान. पंचवीस वर्षं एकत्र धंदा केला, पण भागीदारीचा कागद अजून केलेला नाही.

डीजे म्हटलं की वाचकांच्या कपाळाला आठी पडते, हे आम्हांला ठाऊक आहे. ती पडावी असे प्रकार आमच्या धंद्यात होतातही. रात्री दहानंतर वाजवू नये हा नियम २००० सालापासून आहे. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादाही त्याच नियमांत लिहिलेली आहे. ती पाळली जाते असं आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण आज सांगायचं आहे ते आवाजाच्या मोठेपणाबद्दल नाही. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जावं कसं, याबद्दल सांगायचं आहे. एवढी वर्षं आम्ही त्याचीच रोटी खाल्ली, पण ते समजलं असं वाटतं ते गेल्या मे महिन्यात.

आमच्या भागात एकाच जातीचं गाणं वाजवून पोट भरत नाही. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झालं, पुढे कारखाने आले, आणि बोईसरच्या चाळींत देशभरची माणसं भरली. रविवारी भोजपुरी वाजवायचं, सोमवारी गरबा, मंगळवारी भीमगीतं, बुधवारी संदलची कव्वाली. किनाऱ्याच्या गावांत गेलं की कोळीगीतं, आणि पूर्वेला रेल्वे ओलांडून पाड्यांवर गेलं की तारपा. ऑर्डर येईल तसा पेन ड्राइव्ह बदलायचा. प्रत्येक गाणं आपापल्या खिशात राहायचं.

गेल्या मे महिन्यात भागीदाराच्या मुलीचं लग्न निघालं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढायच्या असतात, त्याआधी घरचं कार्य उरकायचं होतं. मुलगी आमच्या अंगाखांद्यावर खेळलेली. ती गाळ्यावर येऊन म्हणाली, ''काका, हळदीला मला एकच मिक्स पाहिजे. वीस मिनिटांचं. त्यात आपल्या सगळ्यांची गाणी पाहिजेत. मधे कुठे थांबायचं नाही.''

''सगळ्यांची म्हणजे कुणाची?''

''आमची, तुमची, आपल्या स्पीकरवाल्या दादाच्या पाड्यावरची. आणि नवऱ्याकडचे गुजराती आहेत, त्यांचीही.''

आम्ही हो म्हणून बसलो. मग कामाला लागल्यावर घाम फुटला.

दोन गाणी जोडायची म्हणजे काय करायचं ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट लय. दोन्ही गाण्यांचे ठोके एकावर एक बसले पाहिजेत. दुसरी गोष्ट सूर. एक गाणं काळी एकमध्ये आणि दुसरं काळी दोनमध्ये असेल, तर दोन्ही एकत्र वाजताना कानात खडा येतो. तिसरी गोष्ट बेस, आणि नवशिका चुकतो तो इथेच. दोन गाण्यांचे बेस एकाच वेळी वाजवले तर दुप्पट आनंद होत नाही, चिखल होतो. येणाऱ्या गाण्याला जागा हवी असेल तर जाणाऱ्या गाण्याचा बेस आधी उतरवावा लागतो. मिक्सरवर त्यासाठी एक लहानसं बटण असतं. ते कधी फिरवायचं, एवढ्यावर सगळं अवलंबून असतं.

या कामाचा उगम सांगतात तोही एका घरगुती कार्यातलाच. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका मुलीने शाळेचे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून पार्टी ठेवली. तिचा भाऊ, जमैकाहून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, ज्याला पुढे डीजे कूल हर्क म्हणून जग ओळखू लागलं, तो तबकड्या वाजवायला बसला. नाचणारी पोरं गाण्यातल्या ज्या तुकड्याची वाट बघतात, तो नुसत्या तालाचा तुकडा लांबवायचा, हे त्याचं तंत्र. त्यासाठी एकाच गाण्याच्या दोन तबकड्या तो दोन यंत्रांवर ठेवायचा. परमुलखातून आलेल्या पोराने बहिणीसाठी केलेलं काम. आम्हांला ही गोष्ट ऐकल्यापासून आपल्या धंद्याची लाज वाटेनाशी झाली.

पण हर्कची अडचण आमच्याइतकी वाईट नव्हती. त्याची गाणी बहुतेक चारच्या हिशोबात चालणारी. आमची कोळीगीतं सहा मात्रांच्या झोक्यावर चालतात. होडी लाटेवर वर जाते आणि खाली येते तसा त्यांचा ठेका, तीन आणि तीन. कव्वाली आम्ही निवडली ती केरव्यात, म्हणजे आठ मात्रांची. नाचाची नवी फिल्मी गाणी चारची. लॅपटॉपला कोळीगीत दाखवलं की तो गोंधळतो. मिनिटाला पाय १०४ वेळा पडतो, आणि तो सांगतो १५६. दीडपट. तीन-तीनच्या जागी तो दोन-दोन मोजतो. 'सिंक'चं बटण दाबलं की त्या झोक्याची मान मुरगळली जाते. गाणं तेच राहतं, पण नाचणाऱ्या बाईचा पाय चुकतो. ती यंत्राला दोष देत नाही, बाजूला होऊन बसते. अशा किती बायका आमच्यामुळे बसल्या असतील, कोण जाणे.

सुरुवातीचा प्रश्न आमच्याकडे स्पीकर उचलणाऱ्या वारली पोराने सोडवला. त्याच्या मामाचा तारपा त्याने मोबाइलवर टिपून आणला. भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांचं ते वाद्य. वाजवणारा श्वास तुटू न देता वाजवत राहतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. त्याने सूर बदलला की पायांची चाल बदलते. पोरगा म्हणाला, ''शेठ, आमच्यात डीजे आधीपासून आहे. त्याला लाइट लागत नाही.'' मिक्सची सुरुवात तारप्याने करायची ठरली. त्याचा अखंड सूर खाली असला की वर कुठलंही गाणं येऊन बसू शकतं.

मग आमची पाळी आली. तुमचं काय, असं भागीदाराने विचारलं. कव्वाली आहे की, आम्ही म्हणालो. तो म्हणाला, ''कव्वाली बाजारातली आहे. तुझ्या घरातलं काय?''

घरातलं एक होतं. एक कॅसेट. १९८९ साली चिंचणीला मोठ्या बहिणीच्या हळदीत टू-इन-वनवर टिपलेली. आमची आई ढोलकी वाजवत लग्नाची गाणी म्हणते आहे, आणि बायका मागून ओढतात. आमच्या समाजात तेव्हा हळदीला, मेंदीला बायका गायच्या आणि आईला लांबून बोलावणं यायचं. पुढे नव्वदच्या दशकात वारं बदललं. गाणं बरं नव्हे, बाईचा आवाज परक्याच्या कानी पडणं त्याहून बरं नव्हे, असं घराघरांत बोललं जाऊ लागलं. बोलणाऱ्यांना आम्ही आज दोष देत नाही. कारण १९९८ साली आमचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा सासरची मंडळी कडक होती, आणि आईला ''यावेळी ढोलकी नको'' हे सांगायला दुसरं कुणी गेलं नव्हतं. आम्हीच गेलो होतो. तिने ''बरं'' म्हटलं. ढोलकी कपाटावर गेली ती कायमची. २०११ साली आई गेली. आणि आम्ही मात्र त्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच गाण्याच्या धंद्यात पडलो होतो. हा हिशोब आम्ही कधी कुणापुढे मांडला नव्हता.

कॅसेट लॅपटॉपवर उतरवली. त्या रात्री चिंचणीत वीज गेली होती, टेप सेलवर चालली होती. सेल उतरत गेले तशी टिपताना फीत हळू फिरली, म्हणून आता वाजवताना गाणं पुढे पुढे बारीक आणि घाईचं होत जातं. ते थोडं थोडं कापून, प्रत्येक तुकडा जागेवर आणायला आम्हांला तीन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री ढोलकी सरळ झाली, आणि आम्ही मोजू लागलो. तीन आणि तीन. सहा मात्रा. शेजारच्या डेकवर भागीदाराचं कोळीगीत तयार होतं. बटण न दाबता, हातानेच ते सोडलं. दोन्ही एकमेकांत अशी बसली की आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. चिंचणी आणि दांडी यांच्यात तारापूरची खाडी आणि काही मैलांचा किनारा. आईला तो ठेका कुणी शिकवला असेल? मासळी घेऊन दारात येणाऱ्या बायकांनी, की तिच्या आजीने? जोडायला आम्ही बसलो होतो, आणि ते आमच्या आधीच कुणीतरी जोडून ठेवलेलं होतं. गुजरातचा हींचही सहाचाच, तो तर हसत आत आला.

पण आईचा आवाज दांडीच्या मांडवात वाजवायचा की नाही, हे आम्ही एकट्याने ठरवणं बरोबर नव्हतं. मोठ्या भाईंना गाळ्यावर बोलावलं. भाई पाच वेळचे नमाजी. आमच्या धंद्याबद्दल त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही, आणि चांगलाही काढला नाही. हेडफोन कानाला लावून त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, ''आवाज नको. तिने जिवंतपणी थांबवला होता. आता ती हो-नाही म्हणायला नाही.'' थोडं थांबून म्हणाले, ''ढोलकी घे. हात चालेल.''

तिने थांबवला की आपण थांबवला, हे आम्ही विचारलं नाही. त्यांचं म्हणणं आम्हांला पटलं होतं. पूर्वी गप्प बसवताना तिला विचारलं नव्हतं, आता वाजवतानाही विचारता येत नव्हतं.

हल्ली गाण्यातून आवाज वेगळा आणि वाद्य वेगळं काढणारं सॉफ्टवेअर मिळतं. त्याने आईचा आवाज काढून घेतला. पण कॅसेट जुनी, सगळं एकाच माइकमध्ये टिपलेलं, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या आधी तिने घेतलेला श्वास ढोलकीबरोबर मागे राहिला. तो निघेना. भाईंना फोन करून खरं ते सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ''श्वास राहू दे.''

सहातून आठात कसं जायचं, हा शेवटचा पेच उरला होता. खूप आटापिटा करून कळलं की मधे काहीच वाजवू नये. सूर काढायचा, बेस काढायचा, फक्त पाऊल पडतं तेवढा ठोका ठेवायचा, सोळा वेळा. त्या रिकाम्या जागेत ऐकणाऱ्याचा कान तीन विसरतो, आणि मग कव्वालीच्या टाळ्या आल्या की त्याला धक्का बसत नाही. आपल्याकडे हे गळ्याने करणारी माणसं होऊन गेली. शाहीर विठ्ठल उमप कोळीगीत, भारूड, भीमगीत आणि कव्वाली एकाच गळ्यातून गात. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख म्हणून महाराष्ट्राच्या चौकाचौकांत गायले. त्यांना कुठलं बटण दाबावं लागलं नाही. आम्हांला यंत्र लागतं. पण यंत्राने एक शिकवलं, की मिसळणं म्हणजे सगळ्यांनी एकदम मोठ्याने वाजणं नव्हे. प्रत्येकाने वेळेवर थोडं उतरायचं असतं, आणि ज्याला नेहमी उतरवलं जातं त्याचा एकदा तरी हिशोब ठेवायचा असतं.

हळदीच्या रात्री मांडवात आवाज आम्ही मुद्दाम खाली ठेवला. दहाच्या आत संपवायचं होतं, आणि शेजारी एक आजारी म्हातारबाबाही होते. तारपा सुरू झाला तशी आमच्या पोराने मान खाली घातली. मग ढोलकी आली, तिच्यावर कोळीगीत आलं, आणि पिवळ्या हातांच्या बायका उठल्या. एकीचाही पाय चुकला नाही. भाई आले होते. नाचाच्या बाजूला न येता, मागे जनरेटरपाशी उभे राहिले.

मिक्स संपल्यावर नवरीच्या घरातली एक वयस्क आजी आमच्या टेबलाशी आली. ''ती ढोलकी कुणाची रे बाबा? हात बाईमाणसाचा वाटला.''

''आमच्या आईची,'' आम्ही म्हणालो.

''चांगली वाजवते,'' त्या म्हणाल्या, आणि पंगतीकडे गेल्या. वाजवते म्हणाल्या. आम्ही दुरुस्त केलं नाही.

सामान छोटा हत्तीत चढवताना भाई जवळ आले. खिशातून एक पेन ड्राइव्ह काढून त्यांनी आमच्या हातात दिला. म्हणाले, ''त्या कॅसेटमधलं सगळं यात घालून दे. न कापलेलं. आवाजासकट. घरातच ऐकेन.''