होतं तसं म्हणजे कसं?

कोल्हापूर,
20 सप्टेंबर 2024

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ‘जळालंच आहे, तर आता नवं, सोयीचं नाट्यगृह का बांधू नये?’ हा प्रश्न आर्किटेक्टला शोभतो. कोल्हापुरात येऊन तो मोठ्यानं विचारू नकोस, एवढंच.

8 ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. छत, रंगमंच, खुर्च्या गेल्या, दगडी भिंती राहिल्या. शाहू महाराजांनी 1915 साली हे ‘पॅलेस थिएटर’ उघडलं, ते खासबागेच्या कुस्ती मैदानाला लागून. पैलवान आणि गायक नट यांना असं शेजारी नांदवणारा दुसरा राजा मला तरी ठाऊक नाही.

व्हेनिसचं ‘ला फेनिचे’ ऑपेरागृह 1996 च्या जानेवारीत असंच जळालं. (आग लावली ती तिथंच काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियननी, काम लांबल्याचा दंड चुकवायला!) गावानं ठरवलं, होतं तिथंच आणि होतं तसंच बांधायचं. पण होतं तसं म्हणजे कसं? व्हिस्कोन्तीच्या 1954 च्या ‘सेन्सो’ चित्रपटाची सुरुवात त्याच प्रेक्षागृहात चित्रित झाली होती. सजावट पुन्हा घडवताना त्यातली दृश्यं उपयोगी पडली. 2003 च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडलं.

आपल्याकडं सरकारनं नाट्यगृह पुन्हा उभारायचं जाहीर केलंय. नकाशावरून छत होईल. पण पडदे कुठून ओढायचे, विंगेत किती माणसं मावायची, मागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून नट कुठं उभा राहायचा, हे नकाशात नसतं. ते बॅकस्टेजवाल्यांच्या अंगवळणी असतं. त्यातले जुने लोक आता थकलेत. प्रयोगावर पोट असणाऱ्यांचे हाल वेगळेच. भरपाईच्या हिशेबात इमारत आधी येते, ही माणसं मागून, आली तर.

माझं मत विचारशील तर दर्शनी भाग आणि रंगमंचाची मापं जुनीच हवीत. वायरिंग आणि आग विझवायची व्यवस्था मात्र आजचीच. त्यात वारशाचा अपमान कसला?

तुझ्या आईच्या कपाटात आमचे राज्य नाट्य स्पर्धेतले फोटो आहेत. आमची तोंडं सोड, मागचा रंगमंच बघ. सगळे स्कॅन करून पाठव. आणि दिवाळीला येताना रेकॉर्डर आण. जुन्या पडदेवाल्यांना मी घरी बोलावतो, प्रश्न तू तयार ठेव.

तुझा,
मामा