कृपेनंतरचे कष्ट

तारण हे देवाचे फुकट दान आहे, ते कमावता येत नाही, हे पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात इतके स्पष्ट मांडले आहे की पळवाट उरत नाही. तरीही मनाला ते जड जाते. पुण्य साठवायचे, पाप फेडायचे, हा हिशोब आपल्या अंगवळणी पडलेला. मग शंका येते: सारे फुकटच असेल तर माणूस चांगले वागेल कशाला? शंका जुनीच आहे. रोमकरांस पत्रात पौल स्वतःच ती काढतो आणि तिथल्या तिथे झिडकारतो. पण मला तिचे ठसठशीत उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. मात्र ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, हे पुढे काही वर्षांनी उमगल्याचे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आपली लायकी सिद्ध करण्याची धडपड तिथे थांबली. कष्ट मात्र थांबले नाहीत, उलट वाढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो निराधार मुलींना त्यांनी आसरा दिला, आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. देवाकडून काही मिळवायचे उरले नसताना माणूस इतके राबतो, तेव्हा ते राबणे कृतज्ञतेचेच असते.

याकोब कृतीविना विश्वासाला मृत म्हणतो, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. पण तो फळाविषयी बोलतो, पौल मुळाविषयी. या वादावरून पश्चिमेकडची मंडळी शतकानुशतके दुभंगली. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून मान्य केले की देव आपल्याला केवळ कृपेने स्वीकारतो, आणि सत्कर्मे त्यानंतर येतात.