ते पान सरांनी वगळलं नाही

अकोल्याच्या महाविद्यालयात मी तत्त्वज्ञान शिकवते, ते अमरावतीच्या एका प्राध्यापकांमुळे. स्वतःचं नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून नुसतं 'सर' म्हणते.

सरांनी कांट सुरू केला तो १७८५ च्या नीतिविषयक ग्रंथापासून. कुणाही माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, प्रत्येक माणूस स्वतःच साध्य आहे, हे त्यातलं सूत्र. घरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन ऐकत मी वाढले. मला कांटचं हे सूत्र ऐकताक्षणी आपलं वाटलं. सर कितीतरी दिवस त्यातच रमले. मग एकदा तास संपताना म्हणाले, "उद्या याच माणसाचं एक पान वाचणार आहे. ऐकायला जड जाईल. ज्यांना नको असेल त्यांनी येऊ नये, हजेरी लागेल."

सगळे आले. पान १७६४ च्या पुस्तकातलं होतं. एका काळ्या सुताराच्या बोलण्यात कदाचित तथ्य असेल असं म्हणून कांट लगेच पुढे लिहितो की तो नखशिखांत काळा होता, आणि त्याचं बोलणं मूर्खपणाचं असल्याचा हाच स्पष्ट पुरावा. काळ्यांना कमी लेखणाऱ्या, डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाच्या तळटीपेचा हवालाही तिथेच. सरांनी ते स्वतः वाचलं, वर्गातल्या कुणाला वाचायला लावलं नाही. फळ्यावर एकीकडे सूत्र, दुसरीकडे हे वाक्य लिहिलं आणि विचारलं, 'माणूस' म्हणताना याच्या डोळ्यांपुढे कोण होतं?

"काळच तसा होता, सर," मागून कुणीतरी म्हणालं. सरांनी आन्टोन विल्हेल्म आमोचं नाव घेतलं. आजच्या घानामध्ये जन्मलेल्या या काळ्या माणसाने १७३४ मध्ये विटेनबर्गला तत्त्वज्ञानाचा प्रबंध मांडला, पुढे तो हाले आणि येना इथे तत्त्वज्ञान शिकवू लागला. कांट १७३४ मध्ये दहा वर्षांचा होता. ह्यूमच्या त्या तळटीपेवरही १७७० मध्ये जेम्स बीटीने छापील टीका केलीच होती. म्हणजे त्या काळात दुसरा विचार शक्य होता, आणि केलाही जात होता.

इथे थांबले असते तरी ते चांगले शिक्षक ठरले असते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रह्मसूत्रावरचं शांकरभाष्य आणलं, पहिल्या अध्यायातलं अपशूद्राधिकरण. "कांटवर रागावणं आपल्याला सोपं आहे," म्हणाले. सर स्वतः जानवं घालणाऱ्या घरातले. सर्वांभूती एकच आत्मा सांगणारा आचार्य शूद्राला वेदाचा अधिकार नाकारतो, आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं-लाख ओतावी हे वचन आधाराला घेतो. सरांनी तेही स्वतः वाचलं, एक शब्द न गाळता. हे पान माझ्या आजा-पणज्यांबद्दल होतं. वाचताना किंवा नंतर सरांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. "आता बाई तुम्ही बोला" असं म्हणून माझ्यावर साऱ्या समाजाची वकिली लादली नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

मग ते अमरावतीवर आले. १३ नोव्हेंबर १९२७ ला याच गावात, इंद्रभुवन थिएटरात, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय गावातल्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांच्या प्रवेशाचा. त्या लढ्यात पंजाबराव देशमुख होते, वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवलेले. पुढच्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, महाडला मनुस्मृती जाळली गेली. ग्रंथ वाचणारे आणि ग्रंथाशी भांडणारे हीच माणसं होती, हे सरांनी आम्हाला गावाच्या पत्त्यासकट दाखवलं.

आता मी कांटचं ते पान वाचते तेव्हा माझ्या वर्गात एक प्रश्न येतो. "मॅडम, मंग याले सिलॅबसमधून काहाले नाही काढत?" मी एडिनबरो विद्यापीठाचं सांगते. २०२० मध्ये त्या विद्यापीठाने एका इमारतीला दिलेलं ह्यूमचं नाव काढलं. माझी त्याला हरकत नाही. इमारतीला नाव देणं हा सन्मान आहे, तो काढून घेता येतो. पण पान काढलं तर पोरं नुसतं सूत्र पाठ करतील आणि कांटला साधुपुरुष समजून घरी जातील. तेव्हा आदल्या दिवशी सांगते, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वाचते.

मध्यंतरी एका मुलाने शांकरभाष्यावर लिहून आणलं. विदुर आणि धर्मव्याध यांना पूर्वजन्मीच्या संस्कारांमुळे ज्ञान झालं, असं आचार्य म्हणतात. त्यावर याचा सवाल असा: मग माझ्या पूर्वजन्मी कोणते संस्कार झाले नव्हते, हे कुणी तपासलं? सर आज असते तर तो कागद घेऊन मी संध्याकाळच्या गाडीने अमरावती गाठली असती, आणि सरांनी त्यावर रात्रभर हरकती काढल्या असत्या.