इयाननंतरचा सीझन

ऑक्टोबर लागला की मिशिगन-ओहायोतल्या निवृत्त मंडळींचे पाय शिवशिवायला लागतात. आय-75 हा महामार्ग मिशिगनच्या वरच्या टोकाला, कॅनडाच्या सीमेवर सुरू होतो आणि फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत खाली उतरतो. त्यामुळे आमच्याकडची सगळी वरात फोर्ट मायर्स, नेपल्सच्या बाजूला. न्यूयॉर्क-न्यू जर्सीवाले आय-95 धरतात, ते अटलांटिककडे. जानेवारीत फोर्ट मायर्सच्या एखाद्या आरव्ही पार्कात, म्हणजे राहायच्या गाड्यांच्या तळावर, चक्कर मारा, फ्लोरिडाच्या नंबरप्लेटची गाडी शोधावी लागेल. सगळा मिशिगन, ओहायो, इंडियाना आणि ओंटारिओ तिथे खुर्च्या टाकून बसलेला असतो.

त्यात आमचाही एक ट्रेलर. हे डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात हयात घालवलेले, मी हॉस्पिटलच्या लॅबमधली. निवृत्त झाल्यावर बर्फ उपसायचा नाही, एवढं एकच ठरलं होतं. महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींनी "हे दोघं थंडीभर गाडीत राहतात" अशी कीर्ती केली, ती आम्ही खोडून काढायच्या भानगडीत पडलो नाही. गाडीत कुकर होता, देव होते, कढीपत्त्याची कुंडी पायरीशी होती. आणखी काय लागतं?

ट्रेलरला चाकं असली तरी दर वर्षी दोन हजारांहून जास्त किलोमीटर ओढत नेणं आमच्या वयाला झेपणारं नव्हतं. बरेच जण करतात तेच आम्ही करायचो. ईस्टरनंतर ट्रेलर आय-75च्या पूर्वेला, समुद्रापासून लांब एका यार्डात ठेवायचा आणि कारने घरी यायचं. काहींचा ट्रेलर मात्र पार्कातल्या साइटवरच कायमचा मुक्कामाला. त्याला लाकडी ओटा, खालून जाळी, कडेला फुलझाडं. टायरांना भेगा गेलेल्या. चाकं आहेत म्हणून गाडी, एरवी घरच. अशांपैकी काही जण उत्तरेत दुसरं घर राखून असतात आणि काही जणांना तेवढंच एक असतं. हा फरक हिवाळ्यात खुर्च्या टाकून बसलेल्या माणसांकडे पाहून कळत नाही.

2022च्या सप्टेंबरअखेर आम्ही मिशिगनमध्ये टीव्हीपुढे होतो. इयान वादळाचा सुरुवातीचा रोख टॅम्पाकडे दिसत होता. फोर्ट मायर्स अंदाजाच्या त्या पांढऱ्या शंकूच्या कडेला. शंकूची कड म्हणजे धोका संपल्याची रेघ नव्हे, हे हवामानवाले घसा कोरडा करून सांगतात. माणूस मात्र मधली रेघ बघून मोकळा होतो. वादळ दक्षिणेकडे सरकत गेलं. फोर्ट मायर्सच्या ली काउंटीत किनाऱ्यालगतचे भाग सोडण्याचा आदेश 27 तारखेच्या सकाळी निघाला आणि 28ला दुपारी इयान कायो कोस्टा बेटावर धडकलं, ताशी 240 किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. 2004मध्ये चार्ली नावाचं वादळ ह्याच बेटावर आलं होतं. जुने लोक चार्लीच्या आठवणीवर विसंबून होते. पण चार्ली आकाराने लहान, वाऱ्याचं वादळ होतं. इयान अंगाने पसरलेलं, सोबत समुद्र घेऊन आलेलं. फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून 10 ते 15 फूट पाणी चढलं. फ्लोरिडात दीडशेच्या आसपास माणसं गेली, त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या ली काउंटीतली. बरीचशी वयस्क, बरीचशी बुडून.

आमच्या पार्कची मॅनेजरबाई तिथलीच, जन्मापासून फ्लोरिडाची. बाहेर सिगारेट आणि आत कॉफी ह्यांच्या मधल्या वेळात पार्क चालवायची. आदेश निघाला त्या दिवशी तिने बारमाही राहणाऱ्यांची दारं ठोठावली. ट्रेलर हलवणं तर सोडाच, काहींच्या ट्रकमध्ये पेट्रोलही नव्हतं. माणसं तेवढी निघाली. ती स्वतः बहिणीकडे ओकालाला गेली, मांजर आणि भाड्याच्या पावत्यांची पेटी घेऊन. पावत्या कशाला, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही सगळे मला पैसे देणं लागता म्हणून."

समुद्रापासून आत पळालेल्यांचीही सुटका नव्हती, हे बातम्यांतून उशिरा कळलं. पाऊस आत पडला, नद्या सावकाश चढल्या. वादळ निघून गेल्यावर पीस नदीने आर्केडियाच्या बाजूचे आरव्ही पार्क पाण्याखाली घेतले आणि मायाका नदीच्या पुरामुळे खुद्द आय-75चा एक तुकडा बंद ठेवावा लागला.

ऑक्टोबरात मॅनेजरबाईचा निरोप आला. पार्कात छातीभर पाणी येऊन गेलं होतं. विजेचे खांब, म्हणजे प्रत्येक साइटवर ट्रेलरची वायर खुपसायची ती पेटी, खाऱ्या पाण्यात बुडालेले. ते सगळे बदलल्याशिवाय वीज जोडून मिळणार नव्हती. उंचावरच्या दोन रांगा तेवढ्या वाचलेल्या, त्यातच आमची साइट. तिच्यावर वीज कंपनीचे लाइनमन राहत होते आणि ते गेल्यावर घर गेलेलं एक कुटुंब येणार होतं. अनामत परत करते, यायचं तर या, पण जागा नाही. आमच्यात यावर थोडी धुसफूस झाली, ती आता सांगायला लाज नाही. हिवाळ्याचं आरक्षण आमचं होतं. हे म्हणाले, "आपलं आरक्षण आहे, त्यांचं तर गावच आहे." मग विषय मिटला.

नोव्हेंबरात ट्रेलर बघायला गेलोच. उतरलो ते ओळखीच्या एका मराठी कुटुंबाकडे, त्यांच्या छपरावर निळी ताडपत्री होती. यार्डात पाणी आलं नव्हतं. आमच्या ट्रेलरची बाहेरची छत्री फाटलेली, छपरावरचं झाकण उडून पाऊस आत गेलेला, गादीला बुरशी. शेजारचे दोन ट्रेलर कुशीवर पडले होते. आमचं नशीब थोर.

बीचकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे ढीग होते. काउंटीच्या सूचनेप्रमाणे वेगवेगळे: झाडं इकडे, भिंतींचे ओले पत्रे तिकडे, विजेची यंत्रं आणखी पलीकडे. फ्रीज सगळे चिकटपट्टीने करकचून बांधलेले. पहिल्यांदा मला ते पार्सलसारखं वाटलं. जवळ गेल्यावर नाकाने समजावलं. वीज नसताना आतलं मटण-मासळी सडलं होतं आणि दार उघडायची कुणाची छाती नव्हती. एका फ्रीजवर मार्करने ली काउंटीतल्या घराचा पत्ता आणि विमा कंपनीचा क्लेम नंबर लिहिला होता. घर उरलं नव्हतं, पत्ता फ्रीजवर होता. सॅन कार्लोस बेटावरच्या कोळंबीच्या बोटी एकमेकींवर चढून जमिनीवर पडल्या होत्या. बीचवरचा धक्का गेला, नुसते खांब उभे. रेड कोकोनट हा समुद्राला लागून असलेला जुना, नावाजलेला आरव्ही पार्क. तिथे मी एका मैत्रिणीकडे कॉफीला जायची. आता ती साइट कुठली हे सांगता येईना. पुढच्या वर्षी ती जागा एका बांधकाम कंपनीने घेतली. सॅनिबेल बेटाला जोडणारा रस्ता वादळात तुटला होता, तो 19 ऑक्टोबरला कसाबसा चालू झाला. बेटावरचं दीपगृह मात्र एक पाय गमावूनही उभं होतं.

तिकडे आमचा विमावाला दोन फोनांत मोकळा झाला. ट्रेलरचा विमा मोटारीसारखा, पाणी-वारा सगळं एकाच पॉलिसीत. घरवाल्यांचं तसं नाही. वाऱ्याचा विमा एक, पुराचा वेगळा, आणि छत आधी उडालं की पाणी आधी शिरलं ह्यावर वाद. शिवाय पन्नास टक्क्यांचा नियम: दुरुस्तीचा खर्च घराच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की जुनं घर तसंच दुरुस्त करता येत नाही, आजच्या पूर-नियमांप्रमाणे उंच बांधावं लागतं. नियम योग्य आहे ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण साठ-सत्तर वर्षांच्या बुटक्या घरात राहणाऱ्या विधवेला खांबांवरचं घर कोण बांधून देणार? ती जमीन विकते. घेणाराही ठरलेला असतो.

फेमा ही केंद्र सरकारची आपत्ती-मदत संस्था. तिची राहण्याची मदत मुख्य घरापुरतीच, दुसऱ्या घराला नाही. आमच्यासारख्यांना ती मिळत नाही हे ठीकच. बारा महिने आरव्हीतच राहणाऱ्याला मिळते, पण तेच आपलं मुख्य घर असल्याचं दाखवावं लागतं. ह्यातले कित्येक जण साउथ डकोटाचा टपालापुरता पत्ता लावून फिरणारे. आमच्या ओळखीचा एक वेल्डर गावातल्या लायब्ररीच्या संगणकावर वाहून गेलेल्या ट्रेलरच्या विजेच्या पावत्या शोधत बसला होता. मॅनेजरबाईची पेटी तेव्हा कामी आली. कुणी कधीपासून कुठल्या साइटवर, ह्याचा तो एकमेव कागद.

श्रीवर्धनला माझा आतेभाऊ आहे. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात त्याची सुपारीची वाडी आडवी झाली. वर करोना, म्हणजे घरगुती खोल्या भाड्याने देत होता तो धंदाही बंद. त्याला फोनवर इकडचं सांगत होते. तो म्हणाला, "पाहुणे आले तर जागा नाही आणि नाही आले तर पैसा नाही. आमचंही तेच होतं, फक्त आमच्याकडे पाहुणेही नव्हते." फोर्ट मायर्सचा पेच त्याने तिथे बसून पकडला. कारण बीचवरच्या वेट्रेस, सफाईवाल्या, बोट चालवणारे, सगळ्यांचं वर्षाचं पोट नोव्हेंबर ते एप्रिलवर. ट्रकवर जेवण विकणारे दोघे-तिघे उघडे होते. त्यातल्या एकीने आम्हाला जास्तीचे मासे वाढले आणि मित्रांनाही घेऊन या म्हणून सांगितलं. त्याच रस्त्यावर दुसऱ्या एकाने आमची मिशिगनची प्लेट बघून, आता बघायला आलात का, असं काचेशी येऊन विचारलं. दोघंही खरे होते, आणि मला तर वाटतं वेट्रेसच्या घरी रात्री हीच दोन्ही वाक्यं होत असतील. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की आमच्यावर गाव चालतं. चालतंच. पण त्यासाठी गावाने जागा राखायची, ती कुणाच्या वाट्याची, हा हिशेब आम्ही कधी केला नव्हता, कारण तेव्हा जागा पुरून उरत होती.

मॅनेजरबाईचं मोबाइल होम पाण्यात बसलं होतं, राहण्यालायक नाही असा शेरा बसला. भाडी भडकलेली. तिने विचारलं, तुमचा ट्रेलर विकणार का? हे तसाच देऊन टाकायच्या बेतात होते. तिने ते ऐकून घेतलं नाही. दान नको, भाव सांगा. मग भाव सांगितला तर फाटक्या छत्रीचे कापले, बुरशीच्या गादीचे कापले, बॅटरी जुनी म्हणून आणखी कापले, वर मैलापाण्याचा पाइप आणि चाकांचे लाकडी ठोकळे फुकट मागून घेतले. आमच्या साइटवर आता तीच राहते. आम्ही थंडीत नेपल्सच्या आतल्या बाजूला एक लहान फ्लॅट भाड्याने घेतो.

2024च्या ऑक्टोबरात मिल्टन वादळ यायच्या दोन दिवस आधी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे पिकअप जोडून तयार, मेव्हणा हॉर्न वाजवतोय आणि ट्रेलरची बाहेर सरकणारी भिंत आत जाईना. फ्यूज कुठे आहे? ह्यांनी मिशिगनमधून सांगितलं, फ्रीजखालचं झाकण काढ, डावीकडून तिसरा. तिसरा नव्हता. चौथाही नव्हता. शेवटी पलंगाखालून हँडल काढून ती भिंत हाताने फिरवत आत घेतली, अर्धा तास, मधेमधे शिव्या देत. त्यातल्या काही आम्हाला उद्देशून होत्या. विकताना फ्यूजचं सांगितलं नव्हतंत, त्याचे पैसे कापायला हवे होते, असं म्हणून तिने फोन ठेवला आणि ओकालाच्या रस्त्याला लागली.