स्वामीमलैहून तरंगंबाडीच्या किनाऱ्यापर्यंत

दक्षिणेच्या यात्रेला निघणारे महाराष्ट्रीय कुटुंब बहुधा मदुरा, रामेश्वर आणि कन्याकुमारी ही तीन नावे मनाशी धरूनच घर सोडते. वाटेत तंजावर लागलेच, तर बृहदीश्वराचे शिखर पाहायचे, भोसल्यांच्या वाड्यातून एक फेरी मारायची आणि पुढच्या गाडीला लागायचे, असा सर्वसाधारण शिरस्ता. वाचकहो, पुढच्या खेपेस आपण एवढी घाई करू नये, अशी विनंती करण्यासाठी हा लेख आहे. तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर कुंभकोणम आहे. त्याच्या अलीकडेच कावेरीच्या काठी स्वामीमलै नावाचे लहानसे गाव आहे. आणि तेथून पूर्वेला गेल्यास समुद्रकाठी तरंगंबाडी नावाचे एक जुने डॅनिश नगर आहे. तीन-चार दिवस हाताशी असले, तर एकाच प्रवासात देऊळ, कारागिरी, मराठी इतिहास आणि युरोपीय धाटणीचे सागरतीरावरचे शहर, एवढे सगळे पाहता येते.

चेन्नईच्या एळुंबूर स्थानकावरून कुंभकोणमला रेल्वेने जाता येते. स्वामीमलैला स्वतःचे स्थानक आहे, परंतु सर्व गाड्या तेथे थांबत नाहीत. म्हणून कुंभकोणमला उतरून तेथेच मुक्काम करावा आणि पुढील सात-आठ किलोमीटर बसने अथवा रिक्षाने जावे, हे सोयीचे. ऋतू निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला पावसाळा संपतो, तेव्हा त्यांचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तेथील ईशान्य मोसमी पावसाचे महिने आणि समुद्रकिनाऱ्यावर वादळेही याच दिवसांत येतात. दिवाळीच्या सुट्टीत छत्री न घेता निघालेल्या मंडळींची म्हणूनच फजिती होते. जानेवारी आणि फेब्रुवारी हे सर्वांत सुखाचे महिने. भातशेते तेव्हा पिकून पिवळी होत असतात.

स्वामीमलै म्हणजे स्वामींचा डोंगर. पण येथे डोंगर शोधू जाल, तर सापडणार नाही. चहूकडे सपाट खाचरे. देऊळ ज्या उंचवट्यावर उभे आहे, तो माणसांनी रचलेला आहे. मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकस्वामी, याची सहा प्रमुख क्षेत्रे तमिळनाडूत मानली जातात. त्यांपैकी हे एक. कथा अशी सांगतात, की प्रणवाचा अर्थ सांगता आला नाही म्हणून बालमुरुगनाने प्रत्यक्ष ब्रह्मदेवाला बंदीत टाकले. शंकर रदबदलीला आले आणि तुला तरी तो अर्थ ठाऊक आहे काय, असे त्यांनी मुलाला विचारले. मुलगा म्हणाला, शिष्य होऊन ऐकाल, तर सांगेन. मग पिता शिष्य झाला आणि पुत्र गुरू. म्हणून येथील देवाचे नाव स्वामीनाथ. देवळाची रचनाही या कथेला धरून आहे. खाली मीनाक्षी-सुंदरेश्वराचे, म्हणजे आईबापांचे देऊळ, आणि वर मुलाचे.

वर जाण्यास साठ पायऱ्या आहेत आणि साठ संवत्सरांची नावे त्यांना दिलेली आहेत: प्रभव, विभव, शुक्ल आणि पुढची सर्व. आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर ही नावे आपण दर गुढीपाडव्याला वाचतो. तमिळ वर्ष एप्रिलच्या मध्याला, मेष संक्रांतीला सुरू होते. परंतु त्याचे नाव आपल्याच संवत्सराचे असते. बरोबर मुले असतील, तर त्यांना आपापल्या जन्माच्या संवत्सराची पायरी मोजून काढावयास सांगावे. आजोबा-आजी असतील, तर त्यांच्यासाठी या चढणीला वेगळाच अर्थ आहे. साठ पायऱ्या चढून जाणे म्हणजे षष्ट्यब्दी पुरी करणे. पायऱ्या फार उंच नाहीत. मध्ये टेकत, दम घेत वर जाता येते.

आणखी एक गोष्ट कुटुंबातील स्त्रियांसाठी. कार्तिकस्वामी आपल्याकडे ब्रह्मचारी मानला जातो आणि त्याचे दर्शन स्त्रियांनी घेऊ नये, असा संकेत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी पाळतात. तमिळ मुलखात तोच देव वल्ली आणि देवयानै या दोन पत्नींसह संसार करतो. सुवासिनी, मुली, लेकुरवाळ्या सर्वजणी मोकळेपणाने त्याच्यापुढे उभ्या राहतात. तेव्हा बाहेर थांबण्याचे काही कारण नाही. गाभाऱ्यासमोर मोराऐवजी हत्ती दिसेल. तो इंद्राने दिलेला ऐरावत, असे सांगतात. दुपारी देवळे काही तास बंद असतात, म्हणून सकाळी लवकर अथवा दिवस कलल्यावर जावे. कृत्तिका नक्षत्राच्या दिवशी गर्दी फार होते. ज्यांना उत्सव पाहायचा असेल, त्यांनी मुद्दाम त्या दिवशी यावे. ज्यांच्याबरोबर वृद्ध आणि तान्ही मुले असतील, त्यांनी तो दिवस टाळावा.

देवदर्शन आटोपून पुष्कळसे प्रवासी येथूनच परततात. हीच चूक करू नये. स्वामीमलैचे खरे वैभव देवळाभोवतीच्या गल्ल्यांत आहे. स्थपती म्हणजे देवांच्या पंचधातूच्या मूर्ती ओतणारे कारागीर. त्यांची घरे आणि कार्यशाळा येथे आहेत. चोळ राजांच्या काळी, सुमारे हजार वर्षांपूर्वी, ज्या रीतीने नटराज ओतले गेले, ती रीत येथे आजही हाताने चालते. दिल्लीच्या भारत मंडपमसमोर २०२३ साली उभारलेला २७ फुटांचा नटराज याच गावच्या स्थपतींनी घडविला.

काम कसे चालते, ते थोडे आधी समजून घेतले, तर पाहण्यात अधिक गोडी येते. प्रथम मधमाश्यांच्या मेणात राळ आणि तेल मिसळून त्याची मूर्ती घडवितात. तिची मापे काढण्यासाठी नारळाच्या झावळीची पट्टी घेतात, शास्त्रात सांगितल्याप्रमाणे तिला घड्या घालतात, आणि त्या घड्यांवरून कपाळ किती, मान किती, गुडघा कोठे, हे ठरते. मग त्या मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाची तलम माती लिंपतात. सावलीत वाळवून वर जाड मातीचे थर देतात, आणि मोठी मूर्ती असल्यास तारेने आवळतात. हा साचा तापविला, की आतले मेण वितळून वाहून जाते, पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात: मुख्यत्वे तांबे, त्यात पितळ आणि शिसे, आणि नावापुरते सोने-रुपे. थंड झाल्यावर साचा फोडतात. पुढे कित्येक दिवस कानस आणि छिन्नी चालते.

साचा फोडावा लागतो, ही गोष्ट विसरू नये. मेण गेले, माती फुटली. आता दुसरी मूर्ती हवी असेल, तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून या पद्धतीने केलेली कोणतीही मूर्ती दुसरीसारखी तंतोतंत नसते. साच्यात साठवता येत नाही, असे हे ज्ञान आहे. ते माणसाच्या हातातच राहते, आणि एका हातातून दुसऱ्या हातात दिले, तरच टिकते. पुत्राने पित्याला शिकविल्याची कथा जेथे सांगतात, त्याच गावात पिता पुत्राला शिकवतो आहे. पण प्रत्येक घरी शिकावयास पुत्र तयार असेलच, असे आता धरता येत नाही. पुण्याच्या तांबट आळीत जुन्या कारागिरांशी दोन घटका बोललेल्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको.

म्हणूनच कार्यशाळेत जाताना पाहुण्यासारखे जावे. दारातून विचारावे, चपला बाहेर काढाव्यात, ओतकाम चालू असेल, तर मुलांना दूर ठेवावे. वितळलेला धातू थट्टेचा विषय नव्हे. विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. मूर्ती घ्यावयाची असेल, तर ती मेणाच्या पद्धतीने केलेली आहे काय, हे स्पष्ट विचारावे आणि पावती घ्यावी. हाताच्या कामाला वेळ लागतो. त्या वेळेची किंमत घासाघीस करून कापू नये. तमिळनाडू सरकारच्या हस्तकला महामंडळाचे, म्हणजे ‘पूम्पुहार’चे केंद्रही या गावी आहे, भाव ठाऊक नसलेल्याने आधी तेथे जाऊन अंदाज घ्यावा. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. ‘जुनी आहे, देवळातली आहे’ असे सांगून कोणी मूर्ती पुढे केली, तर तिला हातही लावू नये. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. शिवाय अशा चोरट्या व्यापारापायी या मुलखातील कित्येक देवळे ओस पडली आहेत. श्रीपुरंदान गावचा चोरीस गेलेला नटराज २०१४ साली ऑस्ट्रेलियाहून परत आणावा लागला. परदेशी राहणाऱ्या नातलगांसाठी नवी मूर्ती घेत असाल, तर ती पुरातन नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला घेऊन ठेवावा.

कुंभकोणमच्या वाटेवर दारासुरमचे ऐरावतेश्वराचे देऊळ लागते. बाराव्या शतकातील हे चोळ मंदिर २००४ पासून जागतिक वारशात गणले जाते. तासभर तरी तेथे द्यावा. खुद्द कुंभकोणममध्ये महामहम् तलाव पाहावा. तेथे दर बारा वर्षांनी मोठे पर्व भरते. मागचे २०१६ साली झाले, पुढचे २०२८ मध्ये आहे. गणिती रामानुजन यांचे राहते घरही याच गावी आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम आणि ताक अशा क्रमाने जेवावे, आणि पितळी पेल्यातून दिलेली येथली कॉफी चुकवू नये.

या गावाशी आपला संबंध यात्रेकरूपुरता नाही. १६७० च्या दशकात शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापिले आणि भोसल्यांचे हे घराणे १८५५ पर्यंत नांदले. बृहदीश्वराच्या भिंतीवर त्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आणि मोडी कागद आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. त्या काळी आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही या भागात आहेत. कोणी आपल्याशी मराठीत बोलला आणि त्याची मराठी आपल्याला थोडी निराळी वाटली, तर हसू नये. शेकडो मैलांवर, साडेतीनशे वर्षे, शाळेच्या आधाराशिवाय ती घरात जपली गेली आहे.

शेवटचा दिवस समुद्रासाठी ठेवावा. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैमार्गे तरंगंबाडी साधारण साठ-पासष्ट किलोमीटर आहे. मयिलाडुतुरैला बस बदलता येते. तंजावरच्या रघुनाथ नायकाने १६२० साली डेन्मार्कच्या राजाशी करार करून ही जागा त्यांना व्यापारासाठी दिली. डॅनिशांनी तिला ट्रांकेबार म्हटले, डान्सबोर्ग किल्ला बांधला, आणि १८४५ मध्ये इंग्रजांना विकून ते निघून गेले. गावात शिरताना पांढरी वेस लागते. तिच्या आत एक सरळ रस्ता समुद्राकडे जातो. दुतर्फा जुनी चर्चे आणि बंगले आहेत आणि शेवटी तो पिवळट किल्ला. डेन्मार्कमधले एखादे किनाऱ्यावरचे शहर पाहण्याचा योग सर्वांना येत नाही. त्याची एक लहानशी आठवण येथे चालत जाऊन पाहता येते. किल्ल्यात संग्रहालय आहे. त्याच्या वेळा आणि सुट्टीचा दिवस कुंभकोणमलाच विचारून निघावे.

बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग हा जर्मन धर्मोपदेशक १७०६ साली याच किनाऱ्यावर उतरला. तो तमिळ शिकला आणि त्याने येथे छापखाना चालविला. पुढे १७५० मध्ये येथेच आलेला श्वार्ट्झ नावाचा मिशनरी तंजावरच्या सरफोजीराजांचा शिक्षक झाला. त्याच सरफोजीराजांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापविल्या. तेव्हा महाराष्ट्रात पेशवाई अजून चालू होती.

किल्ल्याच्या बाजूला, अगदी पाण्याजवळ, मासिलामणिनाथाचे १३०६ सालचे देऊळ आहे. त्याचा पुढचा भाग समुद्राने गिळला आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत या गावाने आपली माणसेही गमावली. म्हणून येथे मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. लाटांना ओढ आहे आणि किनारा झिजतो आहे. उरलेल्या देवळाची डागडुजी झाली असून, लाटा अडविण्यासाठी दगडांचा बांध घातला आहे. संध्याकाळी किनाऱ्यावर बसून ते देऊळ नीट पाहून घ्यावे, शेवटच्या बसची वेळ आधीच विचारून ठेवावी आणि काळोख पडण्यापूर्वी परतावे.

घरी पोहोचल्यावर स्वामीमलैहून आणलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवाल, तेव्हा मुलांना तिची हकीकत सांगा: मेण, माती, कावेरीचा गाळ, आणि ती घडविणारे हात. ज्या कार्यशाळेतून ती घेतली, तेथे एक पोस्टकार्ड टाका. मराठीत लिहिले तरी चालेल. त्या मुलखात ते वाचून दाखविणारा कोणीतरी भेटेलच.